लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? निदान या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११च्या अटींत न बसणारे पण अजून धडधाकट असलेले लॅपटॉप घेऊन बरेच जण उबुंटू किंवा लिनक्स मिंटकडे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन रूपांकडे, वळले. इन्स्टॉलर आता खरंच सोपा आहे. भाषा मराठी निवडता येते, पडद्यावर जेमतेम आठ-दहा प्रश्न येतात. तरीही घोटाळे तेच ते होतात, कारण त्यांची सुरुवात इन्स्टॉलर उघडण्याआधीच झालेली असते.

‘इरेज डिस्क’ म्हणजे फक्त डी ड्राइव्ह नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान या एका गैरसमजाने होतं. आपल्याकडे दुकानदार लॅपटॉप देतानाच एका डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडून देतो. वापरणारा समजतो की आपल्याकडे दोन डिस्क आहेत. मग तो डीमधले फोटो, पीडीएफ, प्रोजेक्ट सीमध्ये हलवतो, डी रिकामा करतो आणि इन्स्टॉलरमधला ‘इरेज डिस्क’ (डिस्क पुसा) हा पर्याय निवडतो. त्याच्या मते रिकामा डी पुसला जाणार असतो. प्रत्यक्षात विंडोज, हलवलेल्या फायली आणि विंडोज पुन्हा बसवण्यासाठी कंपनीने दिलेलं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग), सगळं जातं. इन्स्टॉलर पुन्हा एकदा विचारतो खरा, पण घाईत ‘नेक्स्ट’ दाबत आलेलं बोट तिथेही थांबत नाही.

यानंतर ‘रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू’ हा दिलासा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) फारसा खरा ठरत नाही. लिनक्सचं पार्टिशन फॉरमॅट होताना ती जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवलं जातं. याला ट्रिम म्हणतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेला डेटा बराच काळ तसाच पडून असे, इथे तो बहुतेकदा परत मिळत नाही.

म्हणून आधी बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. सीमधून डीमध्ये केलेली कॉपी हा बॅकअप नव्हे. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डीवर राइट क्लिक करा आणि लिनक्ससाठी जागा सोडवायला ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. तिथे आकडा एमबीमध्ये मागतात. ६० जीबी हवे असतील तर ६१४४० लिहा. जागा सीमधून काढायला गेलात तर न हलणाऱ्या सिस्टिम फायलींमुळे विंडोज अनेकदा फारच कमी देते. सुटलेली जागा ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुठल्याही ड्राइव्हला न दिलेलीच, राहू द्या, फॉरमॅट करू नका.

आणि प्रत्येक पार्टिशनचा आकार कागदावर लिहून घ्या. लिनक्सला सी, डी ही नावं माहीत नाहीत, तिथे ओळख आकारावरूनच पटवावी लागते. त्यातही विंडोज १०२४च्या हिशेबाने मोजते आणि लिनक्सचा इन्स्टॉलर सहसा १०००च्या. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते. विंडोजमधला ३०० जीबीचा भाग लिनक्समध्ये सुमारे ३२२ दिसेल. आकडे जुळत नसतील, तर पुढचं बटण दाबायचं नाही. ‘बघू काय होतं ते’ हा बाणा पार्टिशनच्या पडद्यावर चालत नाही.

बिटलॉकरची किल्ली

अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करताच विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय न वाचता येणारी) होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग कोणीतरी बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरून सिक्युअर बूट (फक्त मान्य सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बंद करतो आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसते. मुळात उबुंटू आणि मिंट सिक्युअर बूट चालू असतानाही बसतात, त्याला हात लावायची बहुधा गरजच नसते. आधी अकाउंटमधून की उतरवून घ्या, मग सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क पूर्ण डिक्रिप्ट व्हायला वेळ लागतो. तो द्यावाच लागतो, मध्येच रीस्टार्ट करून पुढे पळू नका.

डिस्कच दिसत नाही

इंटेलच्या काही लॅपटॉपवर बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची खास पद्धत) चालू असतं, त्यामुळे इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही. लोक तिथे थेट एएचसीआय (डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत) करतात आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग हे सेटिंग्जचं साधन उघडून सेफ बूट (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करणं) लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग सेफ बूट काढा. बिटलॉकरचं काम त्याआधी उरकलेलं हवं.

बाकीच्या चुका थोडक्यात. आयएसओ फाइल (लिनक्सची डाउनलोड केलेली फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून बूट होत नाही. बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं रुफस किंवा बलेनाएचर वापरा. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून डी ड्राइव्ह वाचता येतो पण त्यावर लिहिता येत नाही. वायफाय चालत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा.

भाषा मराठी ठेवायला काहीच हरकत नाही, नवशिक्याला तर तिने धीरच येतो. पण कीबोर्ड इंग्लिश यूएसच राहू द्या. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो. मराठी लेआउटवर काय टाइप झालं ते कळत नाही आणि पहिल्याच लॉगिनला माणूस दाराबाहेर राहतो. मराठी लेआउट नंतर सेटिंग्जमधून जोडा.

परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स हार्डवेअरचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल कमांडच्या ‘सेट-लोकल-आरटीसी’ला १ दिला की दोघांचं जुळतं.