पीसी स्लो झालाय? नवीन घ्यायच्या आधी हे करा

आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपमधली, म्हणजे पीसी चालू होताच आपोआप सुरू होणारी, नको ती ॲप्स डिसेबल करा, अँटीव्हायरसला मात्र हात लावू नका. मग सेटिंग्जमध्ये स्टोरेजमधून टेम्पररी फाइल्स उडवा, पण डाउनलोड्सवर टिक असेल तर काढा नायतर सातबाराची पीडीएफ पण जायची.

आता खरं काम. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडची हवा खारी आणि दमट, त्यात धूळ पंख्याला चिकटून थर बसतो, प्रोसेसर तापला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणून पावसाळा सरला की प्लग काढून कॅबिनेट उघडा, पंखा बोटाने धरून कोरड्या ब्रशने साफ करा. अजून जुनी हार्डडिस्क असेल तर सरळ एसएसडी (आत काही फिरत नसलेली, खूप वेगवान डिस्क) टाका, सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.