ग्रंथालयात संशोधन कसे शिकवावे: पाहून, ऐकून किंवा चाचपून शिकणाऱ्या सगळ्यांसाठी

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. नोंदणीच्या अर्जात सगळ्यांनाच विचारा, "शिकताना कोणती सोय लागते?" वर्गात हात वर करायला लावू नका. टिपणे १८ पॉइंटमध्ये छापा, फाइल आदल्या दिवशी पाठवा. कपाटांमधली वाट ९० सेंमीपेक्षा अरुंद असेल तर व्हीलचेअर अडकते. मग पुस्तकेच वाचनकक्षात आणा.

खरा घोळ पीडीएफमध्ये असतो. एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडले जात नसेल, तर ती पानांची नुसती चित्रे आहेत. इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, तर मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधला आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) ती खिचडीच वाचतो. उपाय दोन्हींना एकच: ३०० डीपीआयच्या प्रतिमा काढून मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) करा, मग जोडाक्षरे आणि आकडे मूळ पानाशी ताडा. हे कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. चुकलेला आकडा ऐकणाऱ्याला कळत नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी असे रूपांतर करायला कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीपासून मुभा आहे. पण रूपांतर करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या अपंग वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात तयार प्रत आहे का ते बघा.

सरावाला ओळखीचा विषय घ्या: जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीवरचा करपा. पीक, रोग, ठिकाण असे तीन भाग पाडून प्रत्येकाचे पर्यायी शब्द लिहून घ्या. करप्याला सिगाटोकाही म्हणतात. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचे संकेतस्थळ) इंग्रजी नावेही टाका. खानदेश-खान्देश, जळगाव-जळगांव अशी दोन्ही रूपे शोधा, कारण यंत्र एका अनुस्वारानेही नोंद चुकवते. जिल्ह्यांची नावेही बदलतात: नंदुरबार जिल्हा १९९८चा. त्याआधीचे साहित्य धुळ्याखाली, आणखी जुने 'पश्चिम खानदेश' नावाखाली सापडेल.

"इथे क्लिक करा" म्हणू नका. "शोधचौकटीत शब्द लिहून एंटर दाबा" असे म्हणा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. त्यात ई दाबले की पुढची लेखनचौकट, एच दाबले की पुढचे शीर्षक मिळते. माउस बाजूला ठेवून हा सगळा शोध स्वतः आधी करून बघा. जिथे अडाल तिथे दुसरा मार्ग शोधून ठेवा. बोलताना तोंड वर्गाकडे असू द्या, ओठ वाचणाऱ्यांना ते दिसायला हवे. पडदा दाखवताना थांबा, मग बोला.

शेवटी प्रत्येकाने तीन नोंदी स्वतः शोधून द्याव्यात: लेखक, वर्ष, कुठे मिळाली. लेखी, टंकित किंवा ध्वनिमुद्रित, कशाही. शेजाऱ्याने शोधून दिलेली नोंद धरू नका. त्याऐवजी वेळ वाढवून द्या.