परक्या देशात, अडचणीतल्या मुलांना शिकवायला निघताना

आधी कागदपत्रं. काम कंटाळवाणं आहे, पण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पगार घेणार नाही, मग पर्यटक व्हिसावर जाऊन शिकवलं तर काय बिघडलं, हा हिशेब बऱ्याच देशांत चालत नाही. विनामोबदला शिकवणं हेही तिथे कामच धरलं जातं. कोणता व्हिसा लागेल ते दूतावासाकडून लेखी घ्या. पोलिसांचा चारित्र्य दाखला लागेलच, मात्र तो फार आधी काढून ठेवू नका, कारण अनेक ठिकाणी काही महिन्यांपूर्वीचा दाखला चालत नाही. पदवीवर १९६१ च्या हेग कराराप्रमाणे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का) लागेल की दूतावासाचं साक्षांकन, ते तो देश करारात आहे की नाही यावर ठरतं. लसींसाठी डॉक्टरांकडे किमान दीड-दोन महिने आधी जा. मुलांमध्ये दिवसभर वावरायचं म्हणजे गोवरची लस पूर्ण झालेली हवी. पीतज्वराची लस सक्तीची असेल तर तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. विम्यात दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, तेवढं वाचून घ्या.

संस्था तुमची मुलाखत घेईल, तशी तुम्हीही तिची घ्या. बालसंरक्षणाचं धोरण लेखी आहे का? एखाद्या मुलाबद्दल काळजी वाटली तर सांगायचं कोणाला? आधीचे शिक्षक किती टिकले, आणि तुम्ही गेल्यावर वर्ग कोण घेणार? अनाथालय म्हणवणारी जागा असेल तर दुप्पट चौकशी करा. अशा जागांमधल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात, आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं घरापासून दूर ठेवल्याचे प्रकार घडलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ मधल्या बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली. कोणताही दाखला न मागता ‘सोमवारपासून या’ म्हणणारी संस्था मी तरी सरळ खोडते.

सामानात पुस्तकांचं ओझं नको. जाड कागदावरची चित्रं, फासे, दोरी, खडू, आणि झिजून गेले तरी हळहळ वाटणार नाही असे चेंडू पुरतात. मुलांची नावं मात्र पहिल्या दिवसाच्या आत, नीट उच्चारासह पाठ हवीत. स्थानिक सहकाऱ्याकडून म्हणवून घ्या आणि ध्वनिमुद्रण करून ठेवा. पाणी, शौचालय, थांब, पुन्हा सांग, दुखतंय का, एवढे शब्द तिथल्या भाषेत यायलाच हवेत. व्याकरण नंतर बघता येईल.

वर्गाची तयारी म्हणजे मुख्यतः ठरावीकपणाची तयारी. ज्यांच्या घरात, गावात सगळंच अचानक बदललं, त्यांना पुढच्या तासाला काय होणार हे आधी कळणं फार मोलाचं असतं. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावा आणि बदल करायचा असेल तर सकाळीच सांगा. सुरुवात रोज एकाच गाण्याने, शेवटही एकाच पद्धतीने. एखाद्याला दाराकडे तोंड करून बसायचं असेल तर बसू द्या. मागून खांद्यावर हात ठेवू नका, दिवे एकदम मालवू नका. ‘माझं कुटुंब’ हा चित्राचा विषय आणि ‘सुट्टीत काय केलं’ हा निबंध यादीतून आत्ताच काढा. त्याऐवजी अंगणातलं झाड किंवा कल्पनेतला प्राणी द्या. वर्गात झोपणारं मूल आळशी आहे असं धरून चालू नका, रात्री त्याला झोप लागते का हे आधी कळू द्या. गट वयाने पाडू नका, वाचता-मोजता किती येतं त्यावर पाडा. आपल्याकडच्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने रुजवलेली ही पद्धत आता आफ्रिकेतल्या कित्येक देशांत वापरली जाते. बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख देताना साहित्य मात्र बाळबोध नको. लहान मुलांची चित्रं पुढे ठेवली तर त्यातला अपमान तो लगेच ओळखतो.

एखादं मूल कधीतरी काहीतरी भयंकर सांगेल, आणि तेव्हा काय बोलायचं हे आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून घरीच तोंडात बसवा. ‘कोणाला सांगणार नाही’ हे वचन देऊ नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आता मदत करू शकेल अशा माणसाला मी सांगणार आहे’ असं म्हणा. खोदून विचारू नका, उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहून नेमलेल्या व्यक्तीच्या हाती द्या. तपास करणं हे तुमचं काम नाही. बंद खोलीत मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, हा नियम मुलाइतकाच तुमच्याही रक्षणाचा आहे. फोटोंच्या बाबतीत मी कडक आहे: चेहरा, नाव आणि जागा एकत्र कधीच नको, शक्यतो फोटोच नको. एकालाच भेट, एकालाच पैसे, हेही नको. त्या दिवशी मन भरून येतं, पण पुढे आठवडाभर वर्ग विस्कटतो.

स्वतःसाठी परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळी ठेवा, आठवड्याचा एक दिवस वर्गापासून पूर्ण मोकळा ठेवा, आणि मुलांची नावं न घेता मन मोकळं करता येईल असं संस्थेबाहेरचं एक माणूस आधीच ठरवा. झोप उडाली, मुलांवर विनाकारण चिडचिड होऊ लागली, की त्या माणसाला फोन करायची वेळ झाली असं समजा.

निघायची तारीख मुलांना दोन-तीन आठवडे आधी, दिनदर्शिकेवर दाखवून सांगा. शेवटच्या दिवशी गुपचूप निघून जाणं त्यांनी आधीही अनुभवलेलं असतं. ‘परत येईन’ हे खात्री नसेल तर म्हणू नका. पुढच्या शिक्षकाला त्या शेवटच्या आठवड्यांत वर्गात आणा, तासाचा शेवट त्यालाच करू द्या, आणि प्रत्येक मुलाचं एकेक पान लिहून द्या: काय वाचता येतं, कशाने शांत होतं, कुठे बसायला आवडतं.