संगणकाला नेटवर्कचा पत्ता आपोआप मिळत नसेल तर बिघाड कसा शोधावा

पीकविम्याच्या अर्जांची मुदत जवळ आली, की जळगाव, धुळे, नंदुरबारकडील सेवा केंद्रांत सकाळपासून शेतकऱ्यांची रांग लागते आणि नेमक्या अशा वेळी संगणकाला नेटवर्कचा पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला ओळखणारा आयपी क्रमांक, मिळेनासा झाला, तर सगळे काम अडून बसते. घाईघाईने विंडोज नव्याने टाकण्याची गरज बहुधा नसते. बिघाड कोठे आहे हे आधी ठरवावे.

विंडोजमधील कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून इंग्रजी अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप करावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला, पण देणाऱ्याकडून उत्तर आले नाही, म्हणून विंडोजने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ होतो. पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि लहान कार्यालयांत हे काम सहसा राउटरच करतो.

आता त्याच राउटरवर दुसरा संगणक किंवा मोबाइल जोडून पाहावा. या एका चाचणीने निम्मे काम होते, म्हणून ती कधीही टाळू नये. कोणालाच पत्ता मिळत नसेल तर राउटर किंवा स्विच, म्हणजे अनेक संगणकांच्या केबली जोडणारी पेटी, तपासावा. एकाच संगणकाची अडचण असेल तर आधी त्याची केबल बदलावी, केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टमध्ये (खाचेत) लावावी आणि पोर्टजवळचा दिवा लागतो का ते पाहावे.

वीज जाऊन परत आल्यावर संगणक कधी कधी राउटरच्या आधी सुरू होतो. अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा, त्याचे दिवे स्थिरावल्यावरच संगणक पुन्हा सुरू करावा. वैशाखात पत्र्याच्या छताखाली ठेवलेला राउटर तापून अडतो, त्यामुळे त्याला मोकळी हवा मिळेल अशी जागा द्यावी.

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे पत्ते संपणे. राउटरमध्ये पत्त्याच्या शेवटच्या आकड्यासाठी १०० ते १४९ असा पल्ला ठेवलेला असेल, तर वाटायला फक्त ५० पत्ते असतात आणि वायफायचा पासवर्ड रांगेतल्या प्रत्येकाला दिला, तर ग्राहक घरी गेल्यानंतरही त्याच्या मोबाइलच्या नावावरचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. ही मुदत अनेक राउटरांत २४ तासांची असते. पल्ला वाढवावा, मुदत एक-दोन तासांवर आणावी आणि ग्राहकांना कामाच्या नेटवर्कचा पासवर्ड देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष एकाच संगणकात असेल, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत पत्ता मागणारी ‘डीएचसीपी क्लायंट’ ही सेवा चालू आहे ना, ते पाहावे. मग ‘आयपीकॉन्फिग’ या शब्दापुढे जागा सोडून, तिरपी रेघ (/) देऊन आधी ‘रिलीज’ आणि नंतर ‘रिन्यू’ ही आज्ञा द्यावी. तरीही पत्ता न मिळाल्यास बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस किंवा फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहावा, कारण डीएचसीपीची देवाणघेवाण यूडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या ६७ आणि ६८ क्रमांकांच्या पोर्टवरून (हे केबलचे खाचे नव्हेत, संगणकाच्या आतले क्रमांकित मार्ग) होते आणि ती तेथे अडवली जाऊ शकते. नेटवर्क रीसेट हा शेवटचा उपाय. त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

पत्ता हाताने भरून काम भागवण्याची सवय मात्र सोडावी. चाचणीपुरता, राउटरच्या पल्ल्याबाहेरचा पत्ता भरल्यावर इंटरनेट चालले, तर केबल ठीक आहे आणि दोष पत्तावाटपात आहे एवढे कळते. त्यानंतर सेटिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणावे आणि प्रिंटरसारख्या एखाद्या यंत्राला कायमचा पत्ता हवाच असेल, तर तो राउटरमध्येच त्याच्या नावे राखून ठेवावा.