जुनी थ्री नॉट थ्री गोळ्या विखुरते तेव्हा आधी लाकूड तपासा

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश थ्री नॉट थ्री रायफल, ली-एनफील्ड नंबर ४, शंभर यार्डांवर गोळ्या पसरायला लागली की पहिला सल्ला मिळतो, ‘बॅरल संपली, बदला.’ ऐकू नका. बहुतेक वेळा बॅरल, म्हणजे नळी, धडधाकट असते, आक्रसलेलं असतं ते तिच्याखालचं लाकूड.

रायफल रिकामी आहे आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बैठकीतलं अंतर) गेज लावून तपासलाय, हे धरून चालतो. बोल्ट आणि बॉडी (नळी व बोल्ट धरणारा धातूचा सांगाडा) यांवरचे नंबर जुळवा. गोळ्यांमुळे नळीत बसलेलं तांबं काढा. नळीच्या तोंडाच्या कडेवर टवका किंवा सफाईच्या रॉडने झालेली झीज दिसते का, ते भिंगातून पाहा. गोळी ०.३१२ इंचाची, सपाट बुडाची, १७४ ग्रेनची वापरा. झिजलेल्या नळीत निमुळत्या बुडाची गोळी नीट पकडत नाही.

खरी मेख लाकडाच्या बैठकीत आहे. नंबर ४ ची नळी फक्त मुळाशी आणि टोकाशी लाकडावर टेकते, मध्ये मोकळी असते. टोकाशी लाकडाने तिला वर रेटलं पाहिजे, साधारण १ ते ३ किलोच्या जोराने. स्प्रिंगचा काटा अडकवून मोजा. नळी विनाविरोध उचलली गेली तर रेटा संपलाय. खात्रीसाठी टोकाशी नळीखाली पोस्टकार्डाची पट्टी घालून मारा. ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा झुबका, आवळला तर दोष लाकडाचाच.

पण पट्टी हा इलाज नव्हे. धक्का झेलणारे बॉडीमागचे लाकडाचे दोन खांदे दबलेले असतात आणि दर गोळीला बॉडी मागे सरकते. धातूला काजळ लावा, लाकूड बसवून काढा, डाग कुठे उमटले ते पाहा. दोन्ही खांद्यांवर सारखेच उमटले पाहिजेत. कमी पडेल तिथे सुक्या, कठीण लाकडाची चकती इपॉक्सीने चिकटवा आणि कानशीने थोडी थोडी उतरवा. इथे मी फार संध्याकाळी घालवल्यात, म्हणून बजावतो: मागे कागदाइतकं जास्त निघालं तरी पुढचा रेटा पार बदलतो. ट्रिगर-गार्डचा पुढचा स्क्रू आवळल्यावर लाकूड घट्ट दाबलं जायला हवं; त्या स्क्रूभोवतीची धातूची नळकांडी आधीच अडत असेल तर ती किंचित घासा.

टोकाकडचं लाकूड कोरून नळी पूर्ण मोकळी करायचा सल्ला तर साफ धुडकावा. ही नळी बारीक आहे आणि टोकाच्या आधारावरच जुळवलेली आहे.

मग पाच गोळ्या थंड नळीतून आणि लगेच पाच गरम नळीतून मारा. दोन्ही ग्रुप एकाच जागी पडले की काम झालं.

आपल्याकडे पोलिसांच्या हातात असायची ती नंबर १ मार्क ३. तिच्या नळीखाली स्प्रिंगवरची खुंटी असते, तिला हे माप लावू नका.