इजेनचा धूर, ओला रुमाल आणि मास्क

इंडोनेशियाचा ई-व्हिसा भरताना माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले आणि ५ लाख इंडोनेशियन रुपियाची फी लगेच भरली गेली.

खरी अडचण आली पूर्व जावातल्या इजेन ज्वालामुखीच्या विवरात. निळी ज्वाला, म्हणजे पेटलेला गंधकाचा वायू, बघायला मध्यरात्री चढलो. वारा फिरला आणि तोंडावर ओला रुमाल असूनही घसा असा जळला की मागेच फिरलो. दुसऱ्या रात्री पायथ्याशी, पालतुडिंगला, फिल्टरचा मास्क भाड्याने घेतला, पट्टे घट्ट आवळले, वारा पाठीवर ठेवला. ज्वाला दिसली! पहाटे ते आम्लाचं हिरवंनिळं तळंही. खांद्यावर ७० किलो गंधक घेतलेले कामगार त्याच अरुंद वाटेने येतात, काहींच्या तोंडावर नुसतं फडकं. त्यांना आधी वाट द्या.