मधल्या कानाचं हलतं मॉडेल

विज्ञान प्रदर्शनात कानाची मॉडेलं दरवर्षी असतात. बहुतेक थर्मोकोलची, रंगवलेली, मुकी. हे हलतं. पाइपचे उरलेले तुकडे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरवाल्याकडे मागून बघा.

आधी मधल्या कानात पडद्यापासून आतल्या कानापर्यंत जोडलेली तीन हाडं (हातोडी, ऐरण आणि रिकीब) कशाला आहेत ते कळू द्या. रंकाळ्याच्या काठावरून मारलेली हाक पाण्यात बुडी मारलेल्या पोराला ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आदळला की त्याची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. आतल्या कानातही द्रवच आहे. म्हणून दाब वाढवावा लागतो. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीच्या तळव्याचं सुमारे ३.२, दाब इथेच १७ पट होतो. हातोडी आणि ऐरणीची तरफ त्यात १.३ पटीची भर घालते, एकूण साधारण २२ पट. मुलं तरफेवरच बोलत बसतात; खरा वाटा क्षेत्रफळाचा.

म्हणून पडद्याला ४ इंची आणि खिडक्यांना, म्हणजे आतल्या कानाच्या दोन भोकांना, १ इंची पाइप घ्या. क्षेत्रफळाचं प्रमाण १६ च्या आसपास येतं. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, नाहीतर फुगा तिथेच फाटतो. मोठ्या पाइपच्या एका तोंडावर फुगा सुरकुती न ठेवता ताणून बांधा, दुसरं तोंड उघडं.

सायकलच्या स्पोकचा तुकडा दोन उभ्या पट्ट्यांमध्ये सहज फिरेल असा आडवा बसवा आणि त्याला आइस्क्रीमची काडी लटकवा. आसापासून ६.५ सेंमीवर एका बाजूने पडद्याच्या मध्याशी बांबूची काडी जोडा. ५ सेंमीवर दुसऱ्या बाजूने रिकीब, म्हणजे टोकाला पुठ्ठ्याची चकती लावलेली काडी. हातोडी आणि ऐरण बहुतेक वेळा एकत्रच झुलतात, म्हणून एक काडी पुरते. खिडकीचा मध्य पडद्याच्या मध्यापेक्षा दीड सेंमी वर हवा. हे चुकलं की रिकीब तिरकी घासते. गोंद थेंबभरच. सांधे जड झाले की बारीक आवाज आधी मरतात.

आतला कान म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. त्याला १ इंची पाइपचे दोन तुकडे एमसीलने बसवा, दोन्हींवर फुगा बांधा: एक लंबगोल खिडकी (रिकिबीची चकती हिच्यावर टेकते), दुसरी गोल. डबा बादलीत बुडवून पाण्यातच झाकण लावा. बुडबुडा राहिला तर रिकिबीचा धक्का तोच दाबला जाऊन गिळतो आणि गोल खिडकी ढिम्म राहते.

गोल खिडकीवर नखाएवढा आरसा चिकटवून लेसरचा ठिपका भिंतीवर पाडा. लेसर कुणाच्या डोळ्यांकडे जाऊ देऊ नका. पाइपच्या उघड्या तोंडाशी हलगी वाजवा (खासबागेत कुस्तीला वाजते तीच), ठिपका थरथरतो. नाही थरथरला तर पडदा बोटाने हळूच ढकलून सांधे तपासा. मग गोल खिडकी अंगठ्याने दाबून धरा: पाणी दाबलं जात नाही, त्याला सरकायला जागा उरत नाही, आणि रिकीब अडते. परीक्षक हमखास इथेच थांबतात.

युस्टेशियन नलिका, म्हणजे मधल्या कानातून घशाकडे जाणारी नळी, यात नाही, कारण मॉडेलचा मधला कान उघडाच आहे. कुणी विचारलंच तर गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना बसणारे दडे सांगा: बाहेरचा दाब वाढून पडदा आत ओढला जातो, आणि जांभई दिली की नळी उघडून तो मोकळा होतो.